पंडिता रमाबाई : दुष्काळांतील श्रद्धा आणि पैसा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या देवमंदिराकडे पाहून मन कृतज्ञतेनें भरून यावें, हें योग्यच आहे. परंतु नांदेड-लातूरच्या या भूमींत पाऊस वेळेवर येत नाहीं, सोयाबीनचा भाव पडतो, आणि सोसायटीचें व सावकाराचें कर्ज मात्र वाढत जातें. अशा वेळीं घराघरांतून एक प्रश्न ऐकूं येतो : आम्ही एवढी प्रार्थना करितों, मग आमच्या हातीं पैसा कां राहत नाहीं? या प्रश्नाचें उत्तर उपदेशापेक्षां एखाद्या चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतें. पंडिता रमाबाईंनीं दुष्काळ दोन वेळां अनुभविला : एकदां उपाशी कन्या म्हणून आणि दुसऱ्यांदा शेंकडों उपाशी मुलींची माता म्हणून. त्यांचें जीवन येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, हें आरंभींच सांगणें अवश्य आहे. परंतु आपल्यापासून विभक्त असलेल्या ख्रिस्ती बांधवांमध्यें पवित्र आत्मा जें कार्य करितो, तें आदरानें मान्य करावें, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं आपणांस शिकविलें आहे. त्या आदरानेंच हें चरित्र वाचावें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत, गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे विद्वान होते. स्त्रीस संस्कृत शिकविणें त्या काळीं निंद्य मानीत. तरी शास्त्रीबोवांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तीच विद्या कन्येस दिली. विद्यार्थी व पाहुणे यांच्यासाठीं त्यांचें घर सदैव मोकळें असे. त्या आतिथ्यापायीं कर्ज झालें, जमीनजुमला गेला, आणि हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांत पुराण सांगावें आणि श्रोते जें धान्य व दक्षिणा देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम कित्येक वर्षें चालला.

पुढें १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला. ज्यांच्या घरीं दाणा नाहीं ते पुराणिकास काय देणार? दागिने गेले, तांब्या-पितळेचीं भांडीं गेलीं. देव प्रसन्न होऊन धन देईल या आशेनें उपास, अनुष्ठानें व दानधर्म चालूच होता. जवळचा शेवटचा पैसाही त्यांतच गेला. मजुरी करणें विद्वान कुळास कमीपणाचें वाटे, आणि कोणी तें काम शिकविलेंही नव्हतें. अखेर झाडाचा पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. तेव्हां भाऊ श्रीनिवास यांनीं कुळाचा अभिमान बाजूस ठेवून मजुरी करण्याचा निश्चय केला. परंतु तोंवर फार उशीर झाला होता. वडील वारले, कांहीं महिन्यांनीं आई गेली, पुढें थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीस खांदा देण्यास पुरेशीं माणसें मिळेनात. चौथी बाजू रमाबाईंनीं धरिली. आणि त्या ठेंगण्या असल्यामुळें तो भार त्यांस डोक्यावर घ्यावा लागला.

हा प्रसंग वाचून कोणीं दुसऱ्याच्या धर्मास नांवें ठेवूं नयेत. देवाला कांहीं द्यावें आणि त्याच्याकडून दुप्पट घ्यावें, हा व्यवहार ख्रिस्ती घरांतही चालतो. नोव्हेना केली कीं कर्ज फिटलें पाहिजे, मेणबत्ती लावली कीं नोकरी लागली पाहिजे, असें मानणारे आपल्यांतही आहेत. देव हा कांहीं बाजारांतला व्यापारी नव्हे. ही गोष्ट रमाबाईंस उपासमारीनें शिकविली आणि त्या ती जन्मभर विसरल्या नाहींत.

भावंडें पायीं फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ सालीं कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ सालीं पतीही गेले. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापिला. विलायतेस जाण्याचें ठरलें तेव्हां त्यांनीं कोणापुढें हात पसरिला नाहीं. स्त्रीधर्मनीति या आपल्या पुस्तकाच्या विक्रींतून प्रवासाचा खर्च भागविला. इंग्लंडांत वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुढें अमेरिकेंत त्यांच्या कार्यास साह्य करण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें व त्यानें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन सुरू झालें. नंतर तें पुण्यास आलें. परंतु दहा वर्षें कधीं तरी सरणारच, हें ओळखून रमाबाईंनीं पुण्याजवळ केडगांव येथें जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडें लाविलीं. ईजिप्त देशांत योसेफानें सुकाळांत कोठारें भरलीं, त्याची येथें आठवण होते. उद्यांची तरतूद करणें हा अविश्वास नव्हे.

१८९६ सालीं मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. ज्या वेदना स्वतः भोगल्या त्याच इतर मुली भोगीत आहेत हें ऐकून रमाबाई तिकडे गेल्या आणि शेंकडों मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगचा कहर चालू असल्यामुळें त्यांस केडगांवच्या शेतावर नेलें. तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालापर्यंत तेथें सुमारें १५०० आश्रित होते आणि शंभरांहून अधिक गुरें होतीं. अमेरिकेच्या मंडळाची मुदत तर १८९८ सालींच संपली होती. यापुढें निश्चित उत्पन्न असें नव्हतें. प्रार्थना करावी आणि देव ज्याच्या मनांत घालील त्याचें दान स्वीकारावें, असा त्यांचा नेम होता. मात्र प्रार्थनेच्या जोडीला तेथें प्रत्येक हाताला काम असे. शेती, दूधदुभतें, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, हीं सर्व कामें मुली शिकल्या. आपल्या आईबापांस जें कोणीं शिकविलें नाहीं, तें रमाबाईंनीं या अनाथ मुलींस शिकविलें.

आपल्या भागाशींही त्यांच्या कार्याचा दूरचा संबंध आहे. १९१२ च्या सुमारास मनोरमाबाईंच्या साह्यानें गुलबर्गा, म्हणजे आजचें कलबुर्गी, येथें शाळा निघाली. नांदेड-लातूरप्रमाणेंच तो मुलूखही तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९१९ सालीं सरकारनें रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखांतही आईनें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेलें बायबलाचें मराठी भाषांतर पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेविला.

बंधुभगिनींनो, २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. तसे दिवस पुनः येतील. त्या वेळीं या चरित्रांतून काय घ्यावें? नवस हा सौदा करूं नये. लग्नकार्यांत मोठेपणासाठीं कर्ज काढूं नये. कोणत्याही प्रामाणिक कामाची लाज बाळगूं नये आणि मुलामुलींच्या हातीं पदवीबरोबर एखादा हुन्नर द्यावा. बचतगटाची वही जपमाळेइतक्याच निष्ठेनें सांभाळावी. आणि आपल्या अर्ध्या भाकरींतून चतकोर शेजाऱ्यास द्यावी. विधवेचीं दोन नाणीं प्रभूनें मोजलीं होतीं. प्रार्थनेनें पाऊस पडेलच असें आश्वासन धर्मगुरूस देतां येत नाहीं. परंतु खऱ्या प्रार्थनेनें मनुष्य दुष्काळांत लाचार होत नाहीं व सुकाळांत उन्मत्त होत नाहीं, हें या चरित्रावरून निश्चित सांगतां येतें. ही कृपा देव आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घरास देवो.