नेमबाजाची बंदूक घडविणारा इंजिनिअर

मुलांनो, कैरीवर दगड तुम्ही नक्कीच मारला असेल. तळीयेसारख्या डोंगरातल्या गावात हा खेळ कोणाला येत नाही? दगड चुकला की आपण म्हणतो, हात हलला. पण हात स्थिर असूनही नेम चुकला तर? हा प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका तरुणाला पडला. त्याचे नाव विल्यम एलिस मेटफर्ड.

मेटफर्ड यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८२४ रोजी टाँटन या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. विल्यमला मात्र यंत्रांची आणि नेमबाजीची आवड होती. शिक्षण संपल्यावर ते रेल्वेचे इंजिनिअर झाले. लोहमार्ग आखायचा म्हणजे जमीन काटेकोर मोजावी लागते. मोजल्याशिवाय काही मानायचे नाही, ही सवय त्यांना या कामातून लागली.

१८५७ मध्ये रेल्वेच्या कामासाठी ते आपल्या देशात, बिहारमधील मुंगेर येथे आले. हे तेच मुंगेर, जिथे नवाब मीर कासिमने एके काळी बंदुकांचा कारखाना काढला होता. मेटफर्ड तेथे पोहोचले आणि लगेच स्वातंत्र्याचा उठाव सुरू झाला. ते अर्थातच इंग्रजांच्या बाजूने होते. त्या धावपळीत त्यांची प्रकृती ढासळली आणि वर्षभरातच त्यांना मायदेशी परतावे लागले. प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी कधीच झाली नाही. पण ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आपले लक्ष बंदुकीकडे वळविले.

आता एक गोष्ट समजून घ्या. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी भोवऱ्यासारखी गरगर फिरते. फिरणारा भोवरा तोल सोडत नाही, तशी फिरणारी गोळीही सरळ जाते. त्या काळी या खाचा खोल असत आणि गोळी मऊ शिशाची असे. खोल खाचांत दारूची काजळी साचे आणि नेम बिघडे. मेटफर्ड यांनी उलटा विचार केला. १८६५ मध्ये त्यांनी खाचा अगदी उथळ ठेवल्या आणि गोळी कठीण केली. गोळी सुटताना धक्क्याने नळी हलते आणि नेम बदलतो, हेही त्यांनी तपासले होते.

त्यांचे मित्र सर हेन्री हॅलफर्ड हे नामांकित नेमबाज होते. एकाने बंदूक घडवायची आणि दुसऱ्याने ती चालवून पाहायची, अशी त्यांची जोडी होती. आज विंबल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते. त्या काळी तेथे नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा भरत. १८७१ मध्ये हॅलफर्ड यांनी मेटफर्ड यांच्या रायफलने तेथे मोठे बक्षीस जिंकले.

पण मुलांनो, बंदूक हे केवळ खेळाचे साधन नाही. मेटफर्ड यांनी लागताच फुटणारी गोळीही बनविली होती. १८६३ मध्ये सरकारने ती स्वीकारली. पुढे १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन ठरविले, की युद्धात माणसांवर अशा गोळ्या झाडायच्या नाहीत. जे बनविता येते ते सारे बनवावेच असे नाही, हा धडा जगाला मिळाला.

१८८८ मध्ये इंग्रज सैन्याने नवी रायफल निवडली. दाराची कडी सरकवावी तसा मागेपुढे सरकणारा तिचा बोल्ट जेम्स ली यांचा होता आणि नळीच्या खाचा मेटफर्ड यांच्या. म्हणून तिला ली-मेटफर्ड म्हणत. पण लवकरच कॉर्डाइट ही नवी दारू आली. तिच्या उष्णतेने उथळ खाचा झिजू लागल्या. १८९५ मध्ये खाचा बदलल्या आणि बंदुकीचे नाव ली-एनफिल्ड झाले. आपल्या पोलिसांच्या हाती अनेक वर्षे दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. मेटफर्ड यांचे नाव मात्र पुसले गेले. तोवर ते आजाराने पार खचले होते. १४ ऑक्टोबर १८९९ रोजी त्यांचे निधन झाले.

मग त्यांचे श्रम वाया गेले का? नाही. नळी, गोळी आणि धक्का यांचा मोजून अभ्यास करण्याची रीत टिकली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. त्या निशाण्यावरील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. योगायोग पाहा, स्वप्नीलही रेल्वेतच नोकरीला होते!

म्हणून नेम चुकला तर हिरमुसू नका. दगडालाही दोष देऊ नका. का चुकला ते शोधा, मोजा आणि पुन्हा प्रयत्न करा. आणि हातात कोणतेही साधन आले, तर त्याचा उपयोग कशासाठी करायचा, हा विचार सर्वांत आधी करा.