विश्लेषण : अलेखिनकडून चिरडले गेल्यावरही निम्झोविच यांनी पुढच्या वर्षी तोच बचाव का निवडला?

बुद्धिबळात काळी मोहरी घेणारा खेळाडू एका खेळीने मागे असतो. त्यामुळे पहिल्या चार-पाच खेळ्यांत काय करायचे, हा प्रश्न त्याच्यासाठी अधिक जिव्हाळ्याचा. ऑनलाइन खेळणारे अनेक जण दोन डाव हरले की बचाव बदलतात. आज फ्रेंच, उद्या सिसिलियन, परवा आणखी काही. याच्या नेमके उलट वागलेला मोठा खेळाडू म्हणजे आरोन निम्झोविच. या हट्टाने त्यांना बरेच दिले आणि थोडे हिरावूनही घेतले.

कोण होते निम्झोविच?

जन्म १८८६ चा, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या रिगा शहरात. वडील लाकडाचे व्यापारी, त्यांनीच मुलाला बुद्धिबळ शिकवले. १९०४ मध्ये तत्त्वज्ञान शिकायला म्हणून बर्लिनला गेलेला मुलगा बुद्धिबळातच रमला. त्या काळी जर्मनीतील झिगबर्ट टाराश यांचा शब्द प्रमाण मानला जाई. पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापा, मोहरी मोकळी ठेवा, ही त्यांची शिकवण. निम्झोविच यांना ती पटली नाही. मध्यावर ताबा हवा, पण तिथे प्यादी उभी केलीच पाहिजेत असे नाही. दुरून उंट-घोड्यांनीही तो ठेवता येतो, हे त्यांचे म्हणणे. १९१३ मध्ये त्यांनी टाराश यांच्या मतांवर जाहीर लेखातून टीका केली आणि हे वैर पुढे वर्षानुवर्षे चालले.

बी-४ घरावरचा उंट

निम्झोविच यांच्या काळ्या मोहऱ्यांच्या खेळाचे मर्म एका घरात सापडते. पांढऱ्याने वजिरासमोरचे प्यादे पुढे काढले आणि पुढे घोडा सी-३ वर आणला, की काळ्याचा उंट बी-४ वर येऊन त्या घोड्याला जखडतो. हाच निम्झो-इंडियन बचाव. पांढऱ्याने राजासमोरच्या प्याद्याने सुरुवात केली, तर फ्रेंच बचावात तिसऱ्याच खेळीला पुन्हा उंट बी-४ वर. हा विनावर प्रकार. सुरुवाती दोन, कल्पना एकच. गरज पडल्यास उंट देऊन घोडा मारायचा, पांढऱ्याची प्यादी एकामागे एक अडकवायची आणि मग त्यांची नाकेबंदी करायची. त्यांनी कारो-कानसारखे इतर बचावही खेळले. पण बुद्धिबळाने लक्षात ठेवला तो हा उंट.

पहिल्या बचावाच्या नावातील ‘इंडियन’चा धागा कोलकात्यापर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी उंट बाजूला ठेवून, मध्य आधी सोडून देणारे डाव खेळत. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकते, त्यामुळे अशी संथ मांडणी इथल्या खेळाडूंच्या अंगवळणी होती.

हट्टाचे फळ

१९२२ मध्ये निम्झोविच कोपनहेगनला स्थायिक झाले आणि पुढील काही वर्षे त्यांची होती. १९२३ मध्ये तिथेच झेमिश यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी २५ व्या खेळीला अशी स्थिती आणली, की पटावर पांढऱ्याची भरपूर मोहरी असूनही कोणतीही खेळी केली तरी नुकसानच. झेमिश यांनी डाव सोडला. १९२५ मध्ये ‘माय सिस्टीम’ या नावाने जगाला माहीत झालेले त्यांचे पुस्तक येऊ लागले. १९२६ च्या ड्रेस्डेन स्पर्धेत ९ पैकी साडेआठ गुण मिळवताना त्यांनी अलेखिन यांना दीड गुणाने मागे टाकले. त्याच स्पर्धेत योहनर यांच्याविरुद्धच्या निम्झो-इंडियन डावात त्यांचा वजीर आपल्याच राजाजवळ, एच-७ वर जाऊन बसला. आधी नाकेबंदी, मग हल्ला. १९२९ मध्ये कार्ल्सबाडला तर कॅपाब्लांकाही मागे राहिले.

मग घसरले कुठे?

१९३० च्या सान रेमो स्पर्धेत जगज्जेते अलेखिन समोर होते. निम्झोविच यांनी विनावर निवडला. अलेखिन यांनी सी स्तंभात दोन हत्ती आणि त्यांच्या मागे वजीर अशी तोफ लावली. ३० व्या खेळीला काळ्याकडे हलवण्याजोगे काही उरले नाही. सात वर्षांपूर्वी झेमिश यांची जी कोंडी त्यांनी केली होती, तीच आता त्यांच्या वाट्याला आली.

१९३१, ब्लेड. तोच प्रतिस्पर्धी, तेच काळे मोहरे आणि तिसऱ्या खेळीला पुन्हा उंट बी-४ वर. पांढऱ्याने वाट बदलली आणि प्यादी देऊ केली. काळ्याचा वजीर ती टिपत फिरला, बाकीचे सैन्य घरातच राहिले. १९ खेळ्यांत डाव संपला. इथे दोष बचावाचा नव्हे, हावरेपणाचा होता. नाकेबंदीचा पुरस्कर्ता प्यादी गोळा करायला निघाला, म्हणजे बचावाचे नाव जुने आणि विचार मात्र भलताच. सान रेमोत ते दुसरे आणि ब्लेडला तिसरे आले, हेही विसरू नये. इतरांविरुद्ध त्यांचा खेळ चालतच होता.

जगज्जेतेपदाची लढत मात्र कधीच झाली नाही. १९२६ मध्ये त्यांनी कॅपाब्लांकांना आव्हान दिले होते. पण तेव्हाच्या नियमानुसार १० हजार डॉलरची बक्षीस रक्कम उभी करावी लागे आणि ती जमली नाही. तशीही कॅपाब्लांकांविरुद्ध त्यांना एकही डाव जिंकता आला नव्हता.

१६ मार्च १९३५ रोजी न्यूमोनियाने कोपनहेगनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. विनावर प्रकार पुढे सोव्हिएत संघाच्या मिखाईल बोटविनिक यांनी उचलला, आणि ते १९४८ मध्ये जगज्जेते झाले.