सुकाणू कोणाच्या हाती?

टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘सायबरपंक’ खेळांत एखादे पात्र शरीरात बसवलेले इम्प्लांट चक्क ड्रोन उडवायला वापरते. मज्जातंतूचा संदेश तोच. त्याने हात हलवायचा की शस्त्र, हे खेळाडू ठरवतो. ‘सायबर’ हे उपपद ज्यांच्यामुळे रूढ झाले, त्या नॉर्बर्ट वीनर यांच्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला होता.

वीनर यांचा जन्म 1894 मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. दृष्टी लहानपणापासूनच अधू. आठव्या वर्षी डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद करायला लावले, तेव्हा हा मुलगा मनातल्या मनात गणिते सोडवू लागला. चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट आणि 1919 पासून एमआयटीत अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला.

दुसऱ्या महायुद्धात अभियंते ज्युलियन बिगेलो यांच्यासह ते विमानविरोधी तोफांवर काम करू लागले. गोळा पोहोचेपर्यंत विमान पुढे सरकलेले असते. म्हणून ते कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, चूक मोजायची आणि त्यानुसार नेम सुधारायचा. यालाच ‘फीडबॅक’ म्हणतात. मात्र दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली, तर तोफ लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावत राहते. माणसात असे काही होते का, असे वीनर यांनी मेक्सिकोचे शरीरक्रियातज्ज्ञ आर्तुरो रोझेनब्लुएथ यांना विचारले. उत्तर होकारार्थी आले. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात मांडीवर ठेवलेला असताना स्थिर असतो. पाण्याचा पेला उचलायला गेला की तो थरथरतो आणि पेला जवळ येईल तशी थरथर वाढते. (पार्किन्सनचा कंप बहुधा याउलट, हात विसावलेला असताना दिसतो.) यंत्र आणि मज्जासंस्था यांचे नियम एकच आहेत, हा विचार त्यातून पक्का झाला. 1948 मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. हे नाव सुकाणू धरणाऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतले होते.

वीनर यांचे तोफयंत्र युद्धात वापरले गेले नाही. हिरोशिमानंतर विमान कंपनीतील एका संशोधकाने त्यांचा युद्धकालीन अहवाल क्षेपणास्त्रांच्या कामासाठी मागितला. वीनर यांनी तो द्यायला नकार दिला आणि हे पत्र जानेवारी 1947 च्या ‘अटलांटिक मंथली’त छापून आले.

तेच ज्ञान त्यांनी रुग्णांसाठी मात्र खुले ठेवले. 1961 मध्ये पडून खुब्याचे हाड मोडल्याने ते बोस्टनच्या रुग्णालयात होते. तेथे अस्थिशल्यचिकित्सकांशी त्यांची कृत्रिम हाताबद्दल चर्चा झाली. हात कापला गेला, तरी उरलेल्या स्नायूपर्यंत मेंदूचा आदेश पोहोचतच असतो. त्या स्नायूतील क्षीण विद्युतसंदेश त्वचेवरून टिपून, वाढवून मोटर चालवायची, अशी ती कल्पना होती. तिच्यातून पुढे ‘बोस्टन आर्म’ तयार झाला.

भारताशीही त्यांचे नाते होते. 1955-56 मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्यासह त्यांनी अंदाजशास्त्रावर काम केले. पुढे वीनर यांचे चरित्रही मसानींनीच लिहिले.

18 मार्च 1964 रोजी स्टॉकहोममध्ये वीनर यांचे निधन झाले. ‘बोस्टन आर्म’ पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. आज स्नायूंच्या संदेशावर चालणारे हात बसवलेले रुग्ण पेला उचलतात, सदऱ्याची बटणे लावतात. असाच संदेश ड्रोनकडेही वळवता येतो. तो कुठे वळवायचा, हे यंत्र ठरवत नाही. त्याचे उत्तर माणसानेच द्यायचे असते, आणि वीनर यांनी आपले उत्तर 1947 मध्येच दिले होते.