रक्ताची ओळख पटवणारे शास्त्रज्ञ : डॉ. कार्ल लँडस्टायनर

दरवर्षी १४ जून हा दिवस जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. २००४ सालापासून सुरू झालेल्या या दिनासाठी निवडलेली तारीख डॉ. कार्ल लँडस्टायनर यांच्या जन्माची आहे. रक्तगटांचा शोध लावणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र त्यांच्या संशोधनाला रक्तगटांपेक्षाही व्यापक असे एक सूत्र होते. रुग्णाच्या रक्ताची चाचणी केल्यावर जे दिसते ते नेमके कशामुळे दिसते, ते आजाराचे चिन्ह आहे की निरोगी माणसातही तसेच आढळते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामुळेच रक्तसंक्रमण सुरक्षित झाले, एका दुर्मीळ आजाराचे निदान परीक्षानळीत होऊ लागले आणि उपदंशाच्या एका गाजलेल्या चाचणीचा खरा अर्थ उलगडला.

जडणघडण

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना परिसरात झाला. त्यांचे वडील लिओपोल्ड हे नामवंत पत्रकार व संपादक होते. कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि त्यांचे संगोपन आई फॅनी यांनी केले. आईविषयीचा त्यांचा जिव्हाळा अखेरपर्यंत टिकून राहिला. तिच्या मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा साचा त्यांनी पुढे आपल्या खोलीच्या भिंतीवर जतन करून ठेवला होता.

व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी संपादन केली. त्यानंतर दवाखाना न थाटता ते रसायनशास्त्राकडे वळले. वुर्झबुर्ग येथे एमिल फिशर, तसेच म्युनिक व झुरिच येथील ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ यांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. आजाराचे मूळ अखेरीस पदार्थांच्या परस्परक्रियेत शोधावे लागते, ही त्यांची दृष्टी याच काळात घडली.

१८९८ ते १९०८ या दहा वर्षांत ते व्हिएन्नाच्या विकृतिशास्त्र संस्थेत अँटन वायक्सेलबाउम यांचे साहाय्यक होते. या काळात त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. डॉक्टरांनी रुग्णाच्या हयातीत केलेले निदान आणि मृत्यूनंतर शरीरात प्रत्यक्ष आढळणारी स्थिती यांतील अंतर त्यांच्यासमोर रोजच येत होते.

निरोगी रक्ताची तपासणी

माणसाला बाहेरून रक्त देण्याचे प्रयत्न सतराव्या शतकापासून सुरू होते. काही रुग्ण वाचत, काही तत्काळ दगावत. कोण वाचेल आणि कोण दगावेल, हे आधी सांगण्याचा कोणताही मार्ग डॉक्टरांजवळ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक बाब लक्षात आली होती. रक्त गोठल्यावर त्यापासून सुटणारा पिवळसर द्रव, म्हणजेच सीरम, दुसऱ्याच्या रक्तात मिसळल्यास काही वेळा तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके तयार होत. हे आजारपणाचे लक्षण असावे, असे अनेक संशोधकांचे मत होते आणि त्यावर रोगनिदानाची एखादी चाचणी उभारता येईल, असेही काहींना वाटत होते.

लँडस्टायनर यांनी १९०० साली एका शोधनिबंधातील तळटीपेत वेगळी शंका नोंदवली. असा परिणाम निरोगी माणसांतही दिसत असेल, तर त्याचा आजाराशी संबंध जोडता येणार नाही. शंका तपासण्यासाठी त्यांनी निवडलेली पद्धत अत्यंत साधी होती. त्यांनी प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे रक्त घेतले, सीरम व तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून निष्कर्षांचे तक्ते तयार केले. एकूण २२ व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले.

तक्त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कोणाचेही सीरम स्वतःच्या पेशींचे पुंजके करत नव्हते आणि इतरांच्या बाबतीत दिसणारा परिणाम काही ठरावीक नियमांनुसारच घडत होता. या नियमांच्या आधारे १९०१ मध्ये त्यांनी माणसांचे तीन गट मांडले. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी अशी नावे दिली. यांपैकी सी गट पुढे ओ या नावाने ओळखला जाऊ लागला. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी शोधला. स्टुर्ली हे लँडस्टायनर यांच्या मूळ प्रयोगात स्वतःचे रक्त देणाऱ्यांपैकी एक होते.

या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल लँडस्टायनर यांनी त्याच निबंधात सूचित केले होते. तरीही वैद्यकीय जगताने त्याची दखल घेण्यास वेळ लावला. न्यूयॉर्कमध्ये रूबेन ऑटेनबर्ग यांनी १९०७ मध्ये दाता व रुग्ण यांचे रक्त आधी जुळवून पाहून संक्रमण केले. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळून रक्त न गोठता ठेवण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि मग रक्तगट तपासणीला खरे महत्त्व आले. दरम्यान वाळलेल्या रक्ताच्या डागांवरूनही गट ओळखता येतो, हे लँडस्टायनर व मॅक्स रिश्टर यांनी १९०३ मध्ये दाखवून न्यायवैद्यकालाही नवे साधन दिले होते.

थंडीने लघवी लाल होणारे रुग्ण

त्या काळातील डॉक्टरांना एका विचित्र आजाराने कोड्यात टाकले होते. एरवी धडधाकट असणारा रुग्ण थंडीत बाहेर पडे आणि काही वेळाने त्याला हुडहुडी भरे, पाठ व पोट दुखू लागे, लघवीचा रंग गडद लाल किंवा काळपट होई. शरीरातील तांबड्या पेशी फुटून त्यांतील हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडत असे. निदानाची खात्री करण्यासाठी रुग्णाचे पाय किंवा बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहण्याची पद्धत होती. निदान होत असे. परंतु त्यासाठी रुग्णाला पुन्हा त्याच त्रासातून जावे लागे आणि पेशी का फुटतात हेही कळत नसे.

ज्युलियस डोनाथ यांच्यासह लँडस्टायनर यांनी हा प्रयोग रुग्णाच्या शरीराऐवजी परीक्षानळीत केला. रुग्णाचे सीरम व तांबड्या पेशी यांचे मिश्रण आधी बर्फासारखे थंड केले आणि मग शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला आणले. पेशी फुटून द्रव लाल झाला. तुलनेसाठी ठेवलेले तेच मिश्रण आरंभापासून उबदार राहिल्यास त्यात काहीच घडत नसे. रुग्णाच्या रक्तातील एक घटक थंडीत पेशींना चिकटतो आणि ऊब मिळताच रक्तातील इतर घटकांच्या मदतीने पेशी फुटतात, असा उलगडा त्यांनी १९०४ मध्ये केला. रुग्णाचे स्वतःचे प्रतिपिंड त्याच्याच पेशींवर उलटतात, ही कल्पना तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होती. आज स्वयंप्रतिकार विकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांपैकी अशा रीतीने उलगडलेला हा अगदी आरंभीचा आजार मानला जातो.

डोनाथ-लँडस्टायनर चाचणी हे नाव आजही प्रचलित आहे. पूर्वी हा आजार बहुधा उपदंशाच्या रुग्णांत दिसे. आता तो क्वचितच आणि मुख्यतः विषाणूसंसर्गानंतर लहान मुलांत आढळतो.

चाचणी बरोबर, अर्थ चुकीचा

उपदंशाच्या निदानासाठी ऑगस्ट व्हॉन वासरमान आणि सहकाऱ्यांनी १९०६ मध्ये मांडलेली रक्तचाचणी अल्पावधीत जगभर पोहोचली. तिच्यासाठी उपदंशाने मृत झालेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरत. त्या यकृतात रोगजंतू विपुल असल्याने रुग्णाच्या रक्तातील जंतुविरोधी प्रतिपिंड त्या अर्काशी संयोग पावतात, अशी समजूत होती.

लँडस्टायनर यांनी येथेही आपला जुनाच प्रश्न विचारला. जंतू नसलेल्या निरोगी अवयवाचा अर्क घेतला तर काय होईल? म्युलर आणि पोट्झल यांच्यासह त्यांनी १९०७ मध्ये निरोगी अवयवांचे अल्कोहोलमध्ये काढलेले अर्क वापरून पाहिले. चाचणी तशीच यशस्वी झाली. अन्य काही संशोधकांनाही याच सुमारास असाच अनुभव आला.

या निष्कर्षाचे दोन परिणाम झाले. प्राण्यांच्या हृदयापासून अर्क सहज उपलब्ध होऊ लागल्याने चाचणी सुलभ झाली आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत ती सारख्या दर्जाची करणे शक्य झाले. दुसरा परिणाम अधिक मूलगामी होता. ही चाचणी जंतूंविरुद्धचे विशिष्ट प्रतिपिंड दाखवत नाही, तर शरीरातील एका मेदयुक्त पदार्थाविरुद्धची प्रतिक्रिया दाखवते, हे उघड झाले. त्यामुळे मलेरिया, कुष्ठरोग किंवा काही स्वयंप्रतिकार विकारांतही ती सकारात्मक का येते, याचे स्पष्टीकरण मिळाले. त्या काळी उपदंशाचे निदान म्हणजे रुग्णावर लागणारा सामाजिक कलंक होता आणि पारा किंवा आर्सेनिकयुक्त औषधांचे कठोर उपचार त्याला सोसावे लागत. चाचणीची मर्यादा ठाऊक असणे म्हणूनच रुग्णाच्या हिताचे होते.

बैलाच्या हृदयातील तो पदार्थ, कार्डिओलिपिन, मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये वेगळा केला. गर्भवती स्त्रियांच्या तपासणीत आजही वापरली जाणारी व्हीडीआरएल चाचणी त्यावरच आधारलेली आहे आणि तिचा सकारात्मक निष्कर्ष दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने पडताळण्याची शिस्त पाळली जाते.

व्हिएन्ना ते न्यूयॉर्क

१९०८ मध्ये लँडस्टायनर व्हिएन्नाच्या विल्हेल्मिना रुग्णालयात शवविच्छेदन विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी एर्विन पॉपर यांच्या सहकार्याने त्यांनी पोलिओने मृत्यू पावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क माकडांना टोचून हा आजार संक्रमणशील असल्याचे सिद्ध केले. त्या अर्कात जिवाणू आढळले नव्हते. पोलिओ हा विषाणूजन्य रोग असल्याच्या निष्कर्षाचा पाया येथे घातला गेला.

वयाच्या ४८ व्या वर्षी, १९१६ मध्ये, त्यांचा विवाह हेलेन व्लास्टो यांच्याशी झाला. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्न आणि इंधनाची तीव्र टंचाई निर्माण झाली. १९१९ मध्ये कुटुंबासह देश सोडून ते नेदरलँडमधील हेग येथे एका लहान रुग्णालयात रुजू झाले. जगन्मान्य निष्कर्ष नावावर असलेला हा संशोधक तेथे दैनंदिन लघवी व रक्ताच्या तपासण्या करत होता. या कामातून उरणाऱ्या वेळात प्रतिपिंडांच्या रासायनिक विशिष्टतेवरील त्यांचे मूलभूत संशोधन चालूच होते.

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे निमंत्रण आल्यावर त्यांच्या जीवनाला स्थैर्य लाभले. फिलिप लेव्हाइन यांच्यासह १९२७ मध्ये त्यांनी एम, एन आणि पी हे रक्तातील आणखी घटक शोधले. १९३० मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी आरएच घटकाचा शोध प्रसिद्ध केला. ए, बी, ओ गट जुळूनही काही रुग्णांना रक्त बाधते आणि काही मातांची अर्भके जन्मापूर्वी वा जन्मानंतर लगेच दगावतात, या दोन्हींचा खुलासा त्यातून होऊ लागला.

लँडस्टायनर स्वभावाने गंभीर, प्रसिद्धीपासून दूर राहणारे आणि स्वतःच्या निष्कर्षांविषयी कमालीचे साशंक होते. नियमानुसार १९३९ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. पत्नीला थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्यावर त्यांनी अखेरच्या काळात त्या रोगाचा अभ्यास सुरू केला होता. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जून रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षाच्या अखेरीस हेलेन यांचेही निधन झाले.

मुंबईत लागलेली कसोटी

लँडस्टायनर यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी त्यांच्या पद्धतीची एक विलक्षण कसोटी मुंबईत लागली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा तीन व्यक्ती आढळल्या, ज्यांच्या पेशी ओ गटासारख्या दिसत होत्या. परंतु त्यांचे सीरम ए, बी यांच्याबरोबरच ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करत होते. १९५२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा प्रकार पुढे बॉम्बे रक्तगट म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. ए आणि बी घटक ज्या एच नावाच्या पायाभूत घटकावर उभे राहतात, तोच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असल्याचे मानले जाते. अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिल्यास ते प्राणघातक ठरू शकते.

केवळ तांबड्या पेशी तपासल्या, तर असा रुग्ण ओ गटाचाच ठरतो. त्याचे सीरम ज्ञात गटांच्या, आणि विशेषतः ओ गटाच्या, पेशींशी मिसळून पाहिल्यावरच खरा प्रकार कळतो. पेशी सीरमशी आणि सीरम पेशींशी अशा दोन्ही बाजूंनी पडताळणी करण्याची ही पद्धत १९०१ मधील तक्त्यांत आहेच. रक्तपेढीतील तंत्रज्ञ रक्ताची पिशवी रुग्णालयाकडे पाठवण्यापूर्वी हीच पडताळणी करतो आणि दोन्ही बाजूंचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर त्याचे कारण सापडेपर्यंत थांबतो.