संप्रेरक भरपूर, पण पेशी ऐकत नाही

१९२२ साली मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले आणि ग्रंथींच्या आजारांकडे पाहण्याची डॉक्टरांची दृष्टी बदलली. शरीरात जे संप्रेरक (हार्मोन) कमी पडते ते बाहेरून द्यायचे, की रुग्ण सुधारतो, असे हे सरळ गणित होते. या गणितात न बसणारे आजारही असतात, हे वीस वर्षांनी दाखवून दिले ते अमेरिकेतील डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी.

ऑलब्राइट यांचा जन्म १२ जानेवारी १९०० रोजी बफेलो शहरातल्या एका धनाढ्य उद्योगपतीच्या घरी झाला. १९२४ मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले. पुढे व्हिएन्नाला जाऊन त्यांनी याकोब एर्डहाइम या नामांकित विकृतिशास्त्रज्ञाकडे काम केले. परतल्यावर बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हीच त्यांची कर्मभूमी झाली. हाडे, कॅल्शियम आणि ग्रंथी हा त्यांचा विषय. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होण्याचा संबंध इस्ट्रोजेनच्या कमतरतेशी आहे, हेही त्यांनीच मांडले.

गळ्यातील थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या सहसा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांच्या संप्रेरकामुळे रक्तातले कॅल्शियम योग्य पातळीवर राहते आणि जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर पडतो. या ग्रंथी निकामी झाल्या की कॅल्शियम उतरते. मग हातापायांना मुंग्या येतात, गोळे येतात, कधी फिट्सही येतात. अशा रुग्णाला ग्रंथींचा अर्क टोचला की लघवीतला फॉस्फरस वाढतो आणि कॅल्शियम सुधारते.

ऑलब्राइट यांच्याकडे मात्र असे काही रुग्ण आले, ज्यांच्यावर या अर्काचा काही केल्या परिणाम होईना. लक्षणे तीच, कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त. त्यांची ठेवणही एकसारखी होती: बुटकी चण, गोल चेहरा, आखूड बोटे. ऑलब्राइट यांनी निष्कर्ष काढला, की यांच्यात संप्रेरकाचा तुटवडा नाही. ज्या अवयवांनी त्याला प्रतिसाद द्यायचा, तेच देत नाहीत. १९४२ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी हा आजार ‘स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम’ या नावाने प्रसिद्ध केला. उदाहरण दिले ते सेब्राइट जातीच्या कोंबड्याचे. हा नर असूनही त्याची पिसे कोंबडीसारखी असतात. त्याचे शरीर नर-संप्रेरकाला दाद देत नसावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे कोंबड्याबाबतचे कारण वेगळे निघाले. त्याची त्वचा नर-संप्रेरकाचे रूपांतर मादी-संप्रेरकात करते. माणसांबाबतचा निष्कर्ष मात्र खरा ठरला.

१९५२ मध्ये त्यांनी आणखी एक कोडे मांडले. चेहरेपट्टी आणि बोटे तशीच, पण रक्तातले कॅल्शियम अगदी व्यवस्थित. या प्रकाराला त्यांनी आधीच्या नावामागे आणखी एक ‘स्यूडो’ जोडून नाव दिले.

हे सगळे काम चालू असताना ते स्वतः पार्किन्सनने आजारी होते. वयाच्या पस्तिशीनंतर या आजाराने त्यांना गाठले होते. हात थरथरत, बोलणे अस्पष्ट होत गेले, तरी सहकाऱ्यांच्या मदतीने रुग्ण तपासणे आणि संशोधन सुरूच राहिले. १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यात मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा कायमची गेली. ज्या रुग्णालयात त्यांनी उमेद घालवली, तिथेच पुढची तेरा वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. ८ डिसेंबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

योगायोग असा, की पेशी का ऐकत नाही याचा पहिला ठोस पुरावा त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पॅराथायरॉइडचे संप्रेरक पेशीच्या आत शिरत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते. मग आतल्या बाजूचे ‘जी प्रथिन’ हा संदेश पुढे पाठवते, सायक्लिक एएमपी नावाचा रेणू तयार होतो आणि पेशी कामाला लागते. निरोगी माणसाला संप्रेरक दिले, तर लघवीत सायक्लिक एएमपी झपाट्याने वाढते. या रुग्णांमध्ये ते वाढतच नव्हते. पुढे जी प्रथिनाचीच कमतरता सापडली आणि त्यामागचा जीएनएएस या जनुकातला दोषही.

दुसरे कोडेही त्यातूनच सुटले. मूत्रपिंडाच्या ज्या पेशींवर हे संप्रेरक काम करते, तिथे या जनुकाची मुख्यतः आईकडून आलेली प्रतच वापरली जाते. म्हणून दोष आईकडून आला तर संप्रेरकाला प्रतिसाद मिळत नाही. वडिलांकडून आला तर सहसा फक्त शरीराची ठेवण बदलते. १९४२ आणि १९५२ चे रुग्ण एकाच जनुकाच्या दोषाचे होते. हेच प्रथिन थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा संदेशही पोहोचवते. त्यामुळे अनेक रुग्णांत थायरॉइडचे कामही मंदावते.

हा आजार दुर्मीळ आहे, पण ओळखला गेला नाही तर मुलाच्या फिट्सवर अपस्माराचीच औषधे चालू राहू शकतात. आपल्याकडे ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तिच्यातही पॅराथायरॉइडचे संप्रेरक वाढते, पण फॉस्फरस सहसा कमी किंवा बेताचा असतो. मूत्रपिंडे ठीक असूनही कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त आणि संप्रेरकही जास्त असेल, तर ऑलब्राइट यांचा आजार आठवायला हवा. जनुकातला दोष दुरुस्त करता येत नाही. मात्र सक्रिय ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नियमित घेतले, तर रक्तातले कॅल्शियम सावरते आणि त्यामुळे येणाऱ्या फिट्स टाळता येतात. घरात एकाला हा आजार निघाला, तर भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.