नाट्यगृहाचं तिकीट परवडत नव्हतं, म्हणून अण्णाभाऊंनी चाळीच्या चौकात रंगमंच उभा केला

१ ऑगस्ट १९२०. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णाभाऊ म्हणून ओळखू लागला.

जन्म मातंग समाजातला. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात या समाजाचाही समावेश होता. म्हणजे गुन्हा केलेला असो वा नसो, जन्मानेच संशयित. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवसाची.

पोटासाठी कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला आलं. अण्णाभाऊंनी मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांची कम्युनिस्ट चळवळीशी गाठ पडली आणि लेखणी हातात आली.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. तमाशातल्या गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं, गवळण गेली. या नव्या रूपाला नाव मिळालं लोकनाट्य. नाट्यगृहाची गरजच उरली नाही. चाळीचा चौक, गिरणीचं फाटक, मैदान, जिथे कामगार जमतील तिथे खेळ. विषयही त्यांचेच: सावकार, भाडं, संप, टंचाई.

सरकारला ही गर्दी खुपली. कलापथकाच्या खेळांवर बंदी आली. तेव्हा तमाशाऐवजी पोवाडे आणि गाणी पुढे झाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर मुंबई कोणाची हाच प्रश्न होता. भांडवल आमचं म्हणून शहर आमचं, असा एका बाजूचा दावा. ते उभं करणाऱ्या हातांची बाजू शाहिरांनी मांडली. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोचा विरह आणि मुंबईचा हक्क एकत्र आले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

पण या शहराने त्यांना काय दिलं? १९५९ मध्ये आलेल्या 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही लेखकाचा पत्ता घाटकोपरच्या चिरागनगरमधली झोपडीच होता. गोरेगावला पक्कं घर मिळालं ते अगदी शेवटी. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते गेले.

२०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. इकडे दरवर्षी १ ऑगस्टला वस्त्यावस्त्यांत त्यांची जयंती साजरी होते. अजूनही चौकातच.