डोरोथी कॅरी

मराठी गद्याच्या इतिहासात विल्यम कॅरी यांचे नाव आदराने घेतले जाते. हुगळीकाठच्या श्रीरामपुरात (आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) त्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण व १८१० साली कोश प्रसिद्ध केला. वैजनाथ पंडितांनी त्यांना केलेल्या साह्याचीही नोंद होते. परंतु हे व्याकरण सिद्ध होत असता त्याच घरात कॅरींच्या पत्नी डोरोथीबाई भ्रमिष्टावस्थेत दिवस कंठीत होत्या, हे क्वचितच सांगितले जाते. मुलाबाळांसह परमुलखी बिऱ्हाड थाटणाऱ्या आम्हां मंडळींस तरी या माउलीचे चरित्र परके वाटू नये.

इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात १७५६ साली त्यांचा जन्म झाला. १७८१ मध्ये विवाह झाला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या, तर जोडे शिवून पोट भरणारा वर एकोणीस वर्षांचा. विवाहनोंदीत वधूने सहीऐवजी फुली काढली. पुढे पतिराजांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू आत्मसात केल्या. चामड्याचा पृथ्वीगोल करून ते दूरदेशीच्या लोकांचा विचार करू लागले. बाईंच्या वाट्याला पाळणा आला. दोन मुली बालपणीच दगावल्या. फेलिक्स, विल्यम आणि पीटर हे तीन मुलगे राहिले.

१७९३ च्या जानेवारीत कॅरींनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले, तेव्हा बाई पुन्हा गरोदर होत्या. त्यांनी स्पष्ट नकार दिला. चरित्रकारांनी याबद्दल त्यांना पुष्कळ दूषणे दिली आहेत. आम्हांस तो नकार शहाणपणाचाच वाटतो. फेलिक्सला घेऊन पती निघाले, परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्याने त्यांना जहाजावरून उतरावे लागले. ते परतले तेव्हा नवे बाळ, जेबेझ, महिन्याचेही नव्हते. बाईंनी पुन्हा नकार दिला. मग सहकारी डॉक्टर थॉमस एकटेच त्यांच्याकडे गेले आणि आता न आल्यास कुटुंबाची कायमची ताटातूट होईल, असे त्यांनी बजावले. धाकटी बहीण किटी सोबत येत असेल तर येते, एवढी एकच अट घालून बाई तयार झाल्या. पतीची तयारी वर्षानुवर्षांची. पत्नीला सामानसुमान विकून चार मुले घेऊन निघण्यास जेमतेम एक दिवस मिळाला.

१३ जून रोजी डेन्मार्कच्या जहाजाने डोव्हर सोडले. नोव्हेंबरात मंडळी कलकत्त्यास पोचली. पैसा लवकरच संपला. बाई व फेलिक्स रक्ती आवेने आजारी पडले. पुढे सुंदरबनात देभाटा येथे वाघांच्या रानात मुक्काम झाला. तेथे कंपनीच्या नोकरीतील एका गृहस्थाशी किटीचा विवाह जमला आणि ती मागेच राहिली. जिच्या भरवशावर समुद्र ओलांडला, तीच सोबत सुटली!

नंतर मालद्याकडील मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर कॅरींना नोकरी मिळाली. तेथेच १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर गेला. त्याचे शव उचलण्यास गावात सहजी कोणी मिळेना. त्यानंतर बाईंचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. पतीविषयी भलभलते संशय येऊ लागले. त्याच स्थितीत १७९६ मध्ये जोनाथन जन्मला. १८०० साली श्रीरामपुरास आल्यावर या मुलांवर मायेचे छत्र धरले ते शेजारच्या हॅना मार्शमनबाईंनी. कॅरी तेव्हा फोर्ट विल्यम कॉलेजच्या अध्यापनात आणि भाषांतरात बुडालेले होते. पत्नीला वेड्यांच्या इस्पितळात न धाडता त्यांनी घरीच सांभाळले, हेही नमूद केले पाहिजे.

८ डिसेंबर १८०७ रोजी बाई निवर्तल्या. त्याच वर्षी फेलिक्स धर्मप्रसारासाठी ब्रह्मदेशात गेला होता. आणि महिन्याचे होण्याआधीच ज्याच्या प्रवासाचे ठरले, तो जेबेझ १८१४ साली आपल्या नवपरिणीत पत्नीला घेऊन दूर अंबोइना बेटाकडे जहाजाने निघाला.